इक्बाल, मस्कतला ट्राउट मिळत नाही

इक्बाल,

तुला मातीत ठेवून आम्ही परत आलो तेव्हा सना खाली पार्किंगमध्ये उभी होती. वर घरात बायका जमल्या होत्या, कुराण वाचन चाललं होतं, आणि तुझी मुलगी एकटीच तुझ्या गाडीला टेकून उभी. मला वाटलं, रडेल. ती म्हणाली, "अंकल, त्या दिवशी पप्पा एवढे का हसले होते?"

कोणत्या दिवशी, ते मला विचारावं लागलं नाही. तू नंतर मला जे सांगितलं होतंस ते मी तिला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, मान हलवली आणि लिफ्टकडे गेली. पार्किंगमध्ये उभ्या उभ्या तेवढंच सांगता आलं. बाकीचं राहिलं. शुक्रवारी संध्याकाळी अशा राहिलेल्या गोष्टी मी तुलाच सांगायचो, म्हणून आजही तुलाच सांगतो.

तो गुरुवार होता. बौशरला तुझ्या घरी मी नेहमीसारखा जेवायला आलो होतो. रझियाभाभीनं तुमच्यासाठी सुरमई तळली होती आणि माझ्यासाठी वेगळ्या तव्यावर वांग्याचे काप. त्या वर्षी तेलाचा भाव पडला होता. रुसैलच्या तुमच्या वर्कशॉपमधून दर महिन्याला कुणीतरी गावाला जात होतं आणि त्याच्या जागी नवा येत नव्हता. अल् खुवैरला आमच्या ड्रॉइंग ऑफिसातही तीच तऱ्हा. अशा दिवसांत सनाला एका छोट्या टुरिस्ट कंपनीत नोकरी लागली होती. ती कायम करणं तिच्या अर्बाबच्या, म्हणजे मालकाच्या, हातात होतं. तुला खरं तर तिनं फार्मसी करायला हवं होतं. तिनं टुरिझम केलं. त्यावरून तुमचं जे वाजलं ते वाजलं, आणि तेव्हापासून तुम्ही एकमेकांशी रझियाभाभीमार्फत बोलत होतात. "तिला सांग, चावी टीव्हीवर ठेवली आहे." "पप्पांना सांग, मी जेवून आले." तिघंही एकाच खोलीत असायचात.

त्या गुरुवारी ती ताटावर बसली आणि तुझ्याकडे बघून सरळ म्हणाली, "पप्पा, मस्कतच्या जवळ ट्राउट कुठं मिळतो?"

तू घास थांबवलास. "काय मिळतो?"

"ट्राउट. फिश आहे. एक गेस्ट येतोय डेन्मार्कहून. त्याला वन डे ट्रिप पाहिजे, गाइडवाली, ट्राउट फ्लाय फिशिंग. मी त्याला हो सांगितलं."

"हो सांगितलंस?"

"सगळ्या सिटीजच्या जवळ असतो, नेटवर दिसतं. मला वाटलं इथं पण असेल. तो तिकडे फिशिंग क्लब चालवतो. त्याला आवडलं तर दर विंटरला ग्रुप आणेल, असं अर्बाब म्हणाला. अर्बाब खूश आहे."

तू हसायला लागलास. आधी हळू, मग ठसका लागेपर्यंत. डोळ्यांतून पाणी आलं. रझियाभाभी पाण्याचा ग्लास घेऊन धावली. सना ताट तसंच ठेवून आत निघून गेली आणि दार लावून घेतलं. भाभी तुला म्हणाली, "पोरीनं एवढ्या दिवसांनी तोंड उघडलं, आनी तुमी हसताव?"

खाली मला सोडायला आलास तेव्हा मीही तेच म्हणालो. तू गाडीचं दार धरून उभा राहिलास. म्हणालास, "अरे प्रमोद, तिनं मला विचारलं. आईला नाही, गूगलला नाही, मला. मग काय रडू?"

हेच मी तिला पार्किंगमध्ये सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तू माझ्याकडे आलास. आपण दोघांनी बसून ट्राउट म्हणजे काय ते शोधलं. थंड पाण्याचा मासा. डोंगरातल्या नद्या, बर्फाचं पाणी. ओमानच्या वादीत, डोंगरातल्या ओढ्यांत, जे बोटभर मासे असतात ते पायाची कातडी कुरतडतात, त्यापलीकडे काही नाही. मग फ्लाय फिशिंगचे व्हिडिओ पाहिले. पिसांची आणि दोऱ्यांची एक खोटी माशी, तिला वजन नाही. वजन असतं ते दोरीला. दोरी मागे फेकायची, मागे ती हवेत सरळ झाली की पुढं फेकायची, आणि माशी पाण्यावर अलगद उतरते. तू हर्णैला बापाच्या होडीतून गरी टाकत वाढलेला. तू तो व्हिडिओ तीनतीनदा पाहिलास आणि म्हणालास, "एवढी मेहनत करून माशी? तारलीचा तुकडा लाव की."

मी म्हटलं, "तुला पकडायचा नाहीये. तुला त्या माणसाला पकडून द्यायचाय."

"ट्राउट तर नाहीच."

"नाही."

"पण समुद्र आहे," तू म्हणालास.

आपलं भांडण सुरू झालं ते इथून. तुझं म्हणणं होतं, त्याला येऊ दे. सकाळी समुद्रावर नेऊ, उडी मारणारे मासे दाखवू, मग सांगू की बाबा ट्राउट इथं नाही, हे आहेत. समुद्रावर आलेला मासेमार परत जातो का? मी म्हणत होतो, आधी कळव. माणूस एवढा प्रवास करून येणार आणि उतरल्यावर त्याला फसवणूक कळणार, तर ज्या नोकरीसाठी खोटं बोलायचं तीच जाईल. तू म्हणालास, मला माणसं कळत नाहीत, नकाशे कळतात. मी म्हणालो, तुला मासे कळतात, डॅनिश लोक कळत नाहीत. दोन दिवस फोनवर हेच. तिसऱ्या दिवशी तुझ्या डायनिंग टेबलावर आपण पुन्हा तेच सुरू केलं, आणि सना शेजारी बसलेली आहे हे दोघंही विसरलो. ती मोबाइल खाली ठेवून म्हणाली, "मिस्टेक माझी आहे ना? मग तुम्ही का फाइट करता? मी लिहिते."

तिनं तिथंच लिहिलं आणि वाचून दाखवलं. ओमानमध्ये ट्राउट नाही. मला माहीत नव्हतं आणि मी न विचारता हो म्हटलं. समुद्रात दुसरे मासे आहेत जे फ्लाय घेतात. तुम्हाला यायचं नसेल तर मला समजेल. एवढंच. पाठवण्याआधी तिनं तुझ्याकडे पाहिलं, आणि तू म्हणालास, "पाठव."

अर्बाबलाही तिनं ऑफिसात जाऊन सांगितलं. तो नुसतं इन्शाल्ला म्हणाला. त्या इन्शाल्लाचा अर्थ काय, यावर तुमच्या घरात दोन दिवस चर्चा झाली.

पाहुण्याचं उत्तर येईना. तू मात्र त्या शुक्रवारी मला घेऊन सिफाच्या किनाऱ्याच्या रस्त्याला लागलास. मी म्हटलं, तो येतोय की नाही हे तरी कळू दे. तू म्हणालास, "नाही आला तर आपण आपले मासे पकडू. तू चहा पी." तुझ्या शुक्रवारांत माझं काम एवढंच असायचं. मी मासा खात नाही, मारत नाही, थर्मास घेऊन बसतो.

तुझी आवडती जागा म्हणजे ती खडकांची. तिथं तू कितीतरी वर्षं गरी टाकत होतास. त्या दिवशी तू नायलॉनची दोरी बरोबर आणली होतीस, कपडे वाळत घालायची, आणि एका जुन्या काठीला बांधून ती मागे-पुढे फेकून पाहत होतास. पहिल्याच फेकीत दोरी मागच्या कपारीत अडकली. दुसऱ्यांदा पुन्हा तिथंच. तू काठी खाली ठेवलीस आणि मागे वळून खडकांकडे बघत राहिलास. "इथं नाही जमायचं," म्हणालास. "याला पाठीमागं मोकळी जागा लागते. आपल्याला पुढचंच बघायची सवय." आपण खडक सोडले आणि पुढची एकेक पुळण पाहत गेलो. एका ठिकाणी वारा उजवीकडून यायचा, माशी स्वतःच्याच कानात घुसली असती. दुसरीकडे तळ एकदम खोल. शेवटी होड्या ओढून ठेवतात त्याच्या पलीकडची, लांब आणि उतरत्या वाळूची पुळण तुला पसंत पडली. तिथं तू माझ्या अंगावरून दोरी फेकून पाहिलीस. माझा चष्मा गेला असता.

परत आलो तेव्हा सना दारातच होती. उत्तर आलं होतं. त्या माणसाचं नाव पीटर. त्यानं लिहिलं होतं, ट्राउट मी आयुष्यभर पकडत आलो आहे. तुमच्याकडे काय आहे ते सांगा.

त्या संध्याकाळी तुम्ही दोघांनी मिळून जे उत्तर लिहिलंत तसं पत्र मी दुसरं पाहिलेलं नाही. तू सांगत होतास, ती इंग्रजीत टाइप करत होती. तू सांगितलंस की लांबट, चपटा, चांदीसारखा मासा आहे, इंग्रजीत त्याला क्वीनफिश म्हणतात, तारलीसारख्या छोट्या माशांच्या झुंडीमागे अगदी काठापर्यंत येतो, हुकाला लागला की हवेत उड्या मारतो. मग म्हणालास, "आणि लिही, खायला बेताचाच. खायचा असेल तर सुरमई आपण बाजारातून घेऊ."

सना टाइप करायची थांबली. "पप्पा, तो खात नाही. तो सोडून देतो."

"कुणाला सोडून देतो?"

"फिशला. पकडतो, बघतो, परत पाण्यात सोडतो."

तू माझ्याकडे पाहिलंस, जणू मी ही चाल काढली. "मग पकडतो कशाला?"

"तेच मी तुला इतकी वर्षं विचारतोय," मी म्हणालो.

"मी खायला पकडतो. त्यात माशाचा मान आहे. हा काय, भरल्या पोटाचा खेळ? माशाला विनाकारण घाबरवायचं?"

"मारण्यापेक्षा घाबरवलेला बरा," मी म्हटलं, आणि रझियाभाभी आतून ओरडली की आता तुमचं सुरू होऊ दे, पण जेवण थंड होतंय. तू खायला पकडायचास, पीटर सोडायला, आणि माझं म्हणणं, पकडूच नका. या तीन टोकांवरून आपण पुढं किती शुक्रवार घालवले. निकाल लागला नाही. तुझ्या बाजूनं बोलायला आता कुणी उरलं नाही म्हणून मी जिंकलो असं मला म्हणायचं नाही.

त्यानंतरच्या शुक्रवारी सना आपल्याबरोबर आली. लहानपणी आली असेल तेवढीच. गाडीत मागे बसून सगळा रस्ता मोबाइलवर होती. पुळणीवर उतरल्यावर तू तिला म्हणालास, "पाण्याकडे नको बघू. पक्ष्यांकडे बघ." ती बघू लागली. पांढरे पक्षी एका जागी घिरट्या घालत होते, मध्येच सुरी पडावी तसे पाण्यात पडत होते. तू सांगितलंस की त्यांच्या खाली तारली आहे, तारलीच्या खाली मोठा मासा आहे, आणि ते सगळं काठाकडे सरकतंय का लांब जातंय ते बघ. तिनं विचारलं, "हे तुम्हाला कोणी शिकवलं?" तू म्हणालास, "बाबांनी." तिनं तिच्या आजोबांना फक्त फोटोत पाहिलं होतं. मग ती एकेक विचारत गेली. होडी 'कितीची' होती, म्हणजे किती मोठी होती, आजोबा रागावायचे का, तुम्हाला पोहायला कसं शिकवलं. तिचं मराठी अडखळत होतं आणि तू एकही शब्द सुधारला नाहीस. मी थोडा लांब जाऊन बसलो.

पीटर आला तो दिवस मला नीट आठवतो. उंच माणूस, सत्तरीच्या पुढचा, गुडघा थोडा ओढत चालणारा. पहाटे हॉटेलवरून त्याला घेतलं. गाडी मी चालवत होतो, कारण तू म्हणालास की माझं लक्ष आभाळाकडे असेल. सना त्याच्याशी बोलत होती आणि मध्येच आरशात मला बघत होती. तिचा चेहरा उतरला होता. वाऱ्याचं तुझं गणित होतं की सकाळी तो पडलेला असतो आणि ऊन तापल्यावर उठतो. त्या दिवशी आपण पोचलो तेव्हाच तो उठलेला होता.

पीटरनं दोरी फेकायला सुरुवात केली. हे खरं सांगतो, मला त्या खेळाबद्दल काही वाटत नाही, पण त्याच्या हातात ती दोरी बघायला छान वाटत होतं. तू तर हात मागे बांधून नुसता उभा होतास. मासा मात्र नव्हता. पक्षी नव्हते. सूर्य वर आला. अर्बाबचा सनाला फोन आला, आणि ती वाळूत लांब जाऊन बोलली. परत आली तेव्हा तू विचारलंस, "काय म्हणतो?"

"विचारत होता, गेस्ट हॅपी आहे का."

"काय सांगितलंस?"

"सांगितलं, फिशिंग करतोय."

तू होड्यांकडे चालत गेलास. तिथं एक म्हातारा ओमानी जाळं दुरुस्त करत बसला होता. त्याच्याजवळ तू बसलास. तुझं अरबी वर्कशॉपपुरतं आणि त्याचं हिंदी बाजारापुरतं, पण तुमचं बरंच चाललं. त्यानं हातानं टेकाडाच्या पलीकडे दाखवलं. तू उठून तिथूनच आम्हाला हात केलास, "यल्ला, चला."

टेकाडाच्या मागे एक लहान खाच होती, वाऱ्याच्या आड. आपण ती पाहिलीच नव्हती. पीटरचा गुडघा चढावर दुखायला लागला तेव्हा तू त्याचा हात तुझ्या खांद्यावर घेतलास. वर पोचलो आणि खाली पाहिलं तर पाणी काळं दिसत होतं. तारली. आणि त्या काळ्या डागाच्या कडा मध्येच चांदीसारख्या फुटत होत्या.

पीटर उतरून पाण्यात गुडघाभर गेला. दोनदा फेकलं, कमी पडलं. तिसऱ्यांदा माशी कडेला पडली, त्यानं दोरी भराभर ओढली, आणि मासा हवेत आला. सनानं माझा दंड धरला होता, तो दोन दिवस दुखत होता. पीटर त्या माशाशी शांतपणे भांडत होता, देत होता, घेत होता. बरीच झटापट झाली. मासा काठाजवळ आला तसा तू पँटसकट पाण्यात शिरलास, वाकलास, आणि सवयीनं त्याला शेपटीजवळ धरून वाळूवर फेकायला उचललंस.

"पप्पा, नको," सना म्हणाली.

तू तसाच थांबलास. मग मासा पुन्हा पाण्यात खाली नेलास. पीटर जवळ आला, त्यानं हूक काढला, पाठीच्या काट्यांना हात लावू नको असं खुणेनं सांगितलं, आणि तुझे दोन्ही हात माशाखाली ठेवून त्याचं तोंड लाटेकडे केलं. थांबायला सांगितलं. तू वाकून उभा. मासा तुझ्या हातांत कल्ले हलवत होता. मग मासा एकदा वळवळला आणि गेला. तू आणखी थोडा वेळ हात पाण्यातच ठेवून होतास. नंतर मला म्हणालास, "त्याला दम लागला होता रे. मला कधी कळलंच नाही त्यांना दम लागतो." लगेच पुढं म्हणालास, "पण हा होता चांगला तीन जणांचा."

पीटरनं मग त्याची काठी तुझ्या हातात दिली. तू फेकलीस आणि दोरी तुझ्याच टोपीभोवती गुंडाळली गेली. पीटर वाळूत बसून हसला. सनाही हसली. तूही. वारा वाढला आणि आपण निघालो. रस्त्यात पीटरनं सनाला विचारलं, हा गाइड तुमच्या कंपनीत किती वर्षं आहे? ती म्हणाली, "ही इज नॉट अवर गाइड. ही इज माय फादर."

सनाची नोकरी राहिली. पीटर पुढच्या थंडीत ग्रुप घेऊन आला, त्यानंतर त्याच्या ओळखीचे आले. कंपनीच्या कागदावर तू कुठंच नव्हतास आणि तुला तसं व्हायचंही नव्हतं. पाहुण्यांना तू सनाचे पप्पा म्हणून माहीत होतास. तुमच्या घरात रझियाभाभीमार्फत निरोप जाणं कधी बंद झालं ते मला सांगता येणार नाही. मला एकदम जाणवलं की गुरुवारी जेवताना आता तुम्ही दोघंच बोलत असता, वारा, भरती, पाहुण्यांचे गुडघे, आणि भाभी आणि मी श्रोते. सनानं तुला काठी आणून दिली, फ्लायवाली. तू शेवटपर्यंत ती धड फेकू शकला नाहीस. हे आता कुणीतरी लिहून ठेवलंच पाहिजे, कारण तुला ठेवून आलो त्या दिवशी तुझ्या घरी आलेली माणसं सांगत होती की तू त्यात उस्ताद होतास.

एक गोष्ट मात्र तू मला नीट सांगितली नाहीस. गेल्या महिन्यात मी ऑफिसच्या कामात अडकलो होतो म्हणून तू एकटाच गेलास. पाहुणे नव्हते, सना नव्हती. संध्याकाळी फोनवर म्हणालास, एक लागला होता, सोडून दिला. मी विचारलं, का? तू म्हणालास, "लहान होता." परवा सनानं तुझ्या मोबाइलमधला फोटो दाखवला. पाण्यात धरलेला मासा, तुझा हात, घड्याळ. लहान नव्हता, इक्बाल. मी चिडवीन म्हणून बोलला नाहीस का? चिडवलं असतंच मी. पण विचारलंही असतं की काय वाटलं. ते राहिलं.

तू गेलास ते रुसैलला, कामावर, दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत. तुझ्या वर्कशॉपमधल्या माणसाचा फोन आला तेव्हा मी ड्रॉइंग तपासत होतो. हॉस्पिटलमध्ये पोचलो तर करण्यासारखं काही उरलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, हार्ट अटॅक, फार वेळ लागला नसेल. रझियाभाभीला हे मी सांगितलं. ती म्हणाली, "सकाळी चा अर्धी टाकून गेले." एवढंच. हर्णैला न्यायचं का, असं तुझ्या भावानं फोनवर विचारलं. भाभी म्हणाली, पोरगी इथं आहे, तर तेही इथंच. दुसऱ्या दिवशी आमरातच्या कबरस्तानात तुला ठेवलं. रुसैलहून बस भरून माणसं आली होती. नमाजाच्या वेळी मी मागे उभा होतो. मग तुझ्या वर्कशॉपमधल्या एकानं मला हाताला धरून पुढं नेलं आणि म्हणाला, तुम्ही पण टाका. मी माती टाकली.

त्या आठवड्यात सनाकडे पाहुणे होते. दोन बहिणी, आयर्लंडच्या, शुक्रवारची ट्रिप ठरलेली. अर्बाब स्वतः घरी येऊन बसला आणि म्हणाला, खलास, रद्द कर, मी बघतो. सनानं नको म्हटलं. तिनं मला फोन केला. "अंकल, तुम्ही गाडी चालवाल? मी पाण्यात असेन तर कोणीतरी पाहिजे." मी भाभीला विचारलं, चालेल का असं लगेच जाणं. इद्दतीत असल्यामुळे तिला स्वतःला घराबाहेर पडायचं नाही. ती म्हणाली, "तिचे दुखवट्याचे तीन दिवस झाले. जाऊ दे तिला. घरात बसून ती दारच बघते."

तर आम्ही गेलो. वारा बरा होता. सना पुढं चालत होती, तुझी जुनी टोपी घालून नाही, तिची स्वतःची. दोघी बहिणींना तिनं पक्षी दाखवले, कुठं उभं राहायचं, मागे किती जागा ठेवायची ते सांगितलं. मासे आले, पण लांब राहिले. एकीला एक लागला आणि सुटला. दुसरीला काहीच नाही. सना त्यांना म्हणाली, आज एवढंच, समुद्र आहे. त्या काही नाराज दिसल्या नाहीत. मी चहा दिला. त्यांनी विचारलं, तुम्ही पण मासेमार का? मी नाही म्हटलं. थर्मासचं झाकण लावलं.

त्यांना हॉटेलवर सोडल्यावर सना म्हणाली, "अंकल, आमरातला जाऊ या?" बायका कबरस्तानात गेल्या नव्हत्या, तिनं ती जागा पाहिली नव्हती. ऊन कडक होतं. गेट उघडं होतं, आत कुणी नव्हतं. मी गाडीजवळ थांबलो, ती आत गेली. तिथं सगळ्या कबरी सारख्याच दिसतात, मातीचा उंचवटा आणि नावाशिवाय एक दगड. ती इकडून तिकडे फिरली आणि परत गेटाशी आली. म्हणाली, "मला सापडत नाहीत पप्पा."

मी तिच्याबरोबर आत गेलो आणि तुझी माती दाखवली. अजून ती बाकीच्यांपेक्षा ताजी आणि काळपट होती. मग तिला एकटीला सोडून मी गाडीत येऊन बसलो. ती खाली बसली आणि बोलायला लागली. हात हलवून, काहीतरी लांब दाखवून, मध्येच थांबून. बराच वेळ बोलली. मराठीत बोलत होती की इंग्लिशमध्ये, ते तेवढ्या लांबून मला ऐकू आलं नाही.